मधुकरचं वाक्य मी नीट केलं

मंडळी, थोडं सरकून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर अजून जागा आहे. बाया त्या बाजूला बसल्या आहेत, पंखा कोणीतरी तिकडे वळवा.

उभा राहिलो खरा, पण सुरुवात सुचत नाही. माझ्यासारख्यानं असं म्हणावं, हे कंपनीतल्या लोकांना खरं वाटणार नाही. गेली वीस-बावीस वर्षं कंपनीत माझं कामच लिहायचं आहे. गेटवरच्या पाट्या मी लिहितो. वार्षिक अहवाल मी लिहितो. कोणी गेलं की नोटीस बोर्डावरचा शोकसंदेशही मीच लिहितो. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, कधीही भरून न येणारी पोकळी. सगळं तयार असतं. नाव बदलायचं, प्रिंट काढायची. मधुकरसाठी पण परवा काढली. एकदा वाचली, आणि टेबलावरच ठेवून आलो.

म्हणून आज तोंडी बोलतो. कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

मधुकर सकाळी वाडीत भाजीला पाणी देत होता. धुऱ्यावर, बांधावर बसला, आणि बसल्या जागी गेला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सभेत तुम्हीच बोलजा. तुम्ही यायचे दोस्त." मी मान हलवली. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "एक सांगान का? यायले त्या पाण्याच्या कामावरून काऊन काढलं होतं? काय चुकलं होतं यायचं? मले कधी सांगतलं नाई त्यायनं. लोकं काय काय बोलते."

वहिनी, त्या दिवशी मी चहा अर्धा ठेवून उठलो. आज तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभा आहे. तेवढ्यासाठीच उभा आहे. पण आधी एक दुरुस्ती करतो. मी मधुकरचा दोस्त नव्हतो. मी त्याच्यावर जळत होतो.

हो, जळत होतो. चुळबुळ करू नका, ऐका. आत्ता इथे उभा आहे आणि ही गर्दी पाहतो आहे, तरी जळतोच आहे. रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या आहेत. वर्ध्याहून लोक आले, हिंगणघाटहून आले. रंगाई विभागाची अख्खी पाळी आली. मी मनातल्या मनात हिशेब करतो आहे की आपल्या वेळी यातले किती येतील. मेलेल्या माणसाचा हेवा करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आज पाहून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली कंपनी सूत रंगवते. रंगवून झालं की जे रंगीत, खारट पाणी उरतं, ते साफ करून मगच नाल्यात सोडायचं असतं. ते साफ करायच्या टाक्या जिथे आहेत त्याला आम्ही ईटीपी म्हणतो. मधुकर तिथला ऑपरेटर. दहावी झालेला, अल्लीपूरच्या भाजीवाल्या घरातला. मी एम.ए., वर्ध्याचा, एसी खोलीत बसणारा. आम्ही दोघं एकाच महिन्यात कंपनीत लागलो. सांगा, यात मी त्याच्यावर जळावं असं काय आहे?

सांगतो काय आहे ते. टाक्यांच्या शेवटी, जिथून साफ पाणी बाहेर पडतं, तिथे मधुकरनं एक वाफा केला होता. चार खाटा मावतील एवढा. त्यात सांबार आणि वांगी. मुंबईच्या साहेबांना सांबार म्हटलं की इडली आठवायची, त्यांना कोथिंबीर म्हणून सांगावं लागायचं. त्या वाफ्याला कंपनीचं साफ केलेलंच पाणी द्यायचं, दुसरं नाही. लॅबचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागायचे. मधुकर सकाळी येऊन वाफ्यापाशी उकिडवा बसायचा, पानाची कड बोटानं पाहायचा, आणि सांगायचा, "आज मीठ जास्त आहे पाण्यात. सांबार आधी सांगते, वांगं मागून." दोन दिवसांनी रिपोर्ट यायचा, आणि तेच असायचं.

परदेशातले खरेदीदार कंपनी पाहायला यायचे. त्यांच्यासाठी मी आठ-आठ दिवस खपून पडद्यावर दाखवायचं सादरीकरण तयार करायचो. बाण, गोल, हिरवी पानं. पाहुणे चौथ्या चित्रापर्यंत तग धरायचे. मग कोणीतरी खिडकीतून बोट दाखवायचं, ते तिकडे हिरवं काय आहे? झालं. सगळी वरात वाफ्यावर. मधुकर त्यांना सांबाराची काडी तोडून द्यायचा. "खाऊन पाह्य, काही होत नाई. मी रोज खातो." हे त्यांना इंग्रजीत कोण सांगणार? मी. त्याचं बोलणं मी सांगायचो आणि कौतुकानं पाहायचे ते त्याच्याकडे. फोटो त्याच्यासोबत. मी फोटो काढणारा.

घरी तरी सुटका होती का? आमच्या सौभाग्यवतीनं माझा अहवाल एकदाही उघडून पाहिला नाही. पण मधुकरनं पाठवलेल्या वांग्यांचं भरीत केलं की चुलीपासून सुरू व्हायची. काय चव आहे हो. हातालाच चव आहे मधुभाऊंच्या. मी म्हणायचो, त्यानं फक्त वांगी लावली, भाजली तू. ती म्हणायची, तुम्हाला नाही समजायचं.

तर असं सगळं. आता मूळ गोष्टीवर येतो.

एका वर्षी मोठ्या खरेदीदारानं कळवलं की तुमच्या कंपनीच्या ध्येयवाक्यात शाश्वतता दिसली पाहिजे. नाहीतर ऑर्डर विसरा. आता शाश्वतता काय असते हे आपल्याकडे कोणाला माहीत होतं? त्यांच्याकडे कागद आधी आणि काम मागून. आपल्याकडे काम सुरू होऊन जमाना झालेला, कागद नव्हता. मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंनी, त्या इथे समोर बसल्या आहेत, सगळ्या विभागांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. प्रत्येक विभागानं एकेक वाक्य लिहून आणायचं. मी पंधरा दिवस शब्दकोश उघडून बसलो होतो. माझं वाक्य मला अजून पाठ आहे. "समतोल पर्यावरण व सर्वसमावेशक समृद्धी यांच्या समन्वयातून शाश्वत भविष्याकडे अखंड वाटचाल करण्याचा आम्ही निर्धार करीत आहोत." टाळ्या पडल्या. कशाच्या होत्या ते टाळ्या वाजवणाऱ्यालाही समजलं नसेल.

मग ईटीपीचा नंबर आला. मधुकर उठला. वहीचं फाडलेलं पान होतं हातात. वाचायला लाजत होता. मॅडमनीच त्याच्या हातातून घेऊन वाचलं. इथले किती लोक त्या दिवशी तिथे होते मला ठाऊक आहे. ते वाक्य असं होतं.

"जे पानी आमच्या वाफ्यातल्या सांबाराले चालते, तेच बाहेर सोडू. वाफा जळला तं पानी बंद. अन् वाफ्याचा पहिला तोडा मालकाच्या ताटात."

आठवतं? आधी सगळे हसले. रंगाईचे प्रमुख पाठक साहेब तर टेबलावर हात मारून हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं, आणि विचारलं, पहिला तोडा मालकाच्या ताटात म्हणजे काय? मधुकरनं सांगितलं. अल्लीपूरच्या मंडळींना हे सांगायला नको. तुमच्याकडे भाजीचा पहिला तोडा बाजारात जात नाही. पहिली पाटी घरात येते. घरधनी खातो, त्याची लेकरं खातात, मग दुसरा तोडा वर्ध्याच्या बाजारात. मधुकर म्हणाला, "आमच्या बापानं सांगतलं, जे आपल्या ताटात नाई वाढलं ते लोकायले काऊन विकायचं? तसंच हे पानी. नाल्याच्या खाली लोकायच्या वाड्या आहेत. त्यायच्या आधी मालकानं खाऊन पाहावं."

मॅडम म्हणाल्या, "हेच पाहिजे." आणि तो कागद माझ्या हातात दिला. "विलासराव, हेच घ्या. फक्त जरा नीट करा."

मंडळी, मी नीट केलं.

आधी सांबार काढला. कंपनीच्या ध्येयात भाजी शोभत नाही, असं स्वतःला सांगितलं. सांबार गेल्यावर वाफा कशाला? वाफा काढला. वाफा गेल्यावर तोडा राहत नाही, तो काढला. मालकाचं ताट तर सगळ्यात आधी खटकलं होतं, ते काढताना मला फार बरं वाटलं. ‘पानी बंद’ फार उद्धट वाटत होतं. पाण्याचं जलसंसाधन केलं. शेवटी जे उरलं ते तुम्ही रोज गेटवर पाहता. "जलसंसाधनांच्या जबाबदार व्यवस्थापनास आम्ही कटिबद्ध आहोत." पितळेची अक्षरं. खाली शाश्वतता हा शब्द जरा मोठ्या आकारात, मीच सांगून करून घेतला.

मला काय करतो आहे ते कळत नव्हतं असं नाही. मला पुरेपूर कळत होतं. एका ऑपरेटरनं वहीच्या पानावर लिहावं आणि माझे पंधरा दिवस पाण्यात जावेत? त्याचं वाक्य तसंच लागलं असतं तर रोज सकाळी मला त्याच्याखालून आत जावं लागलं असतं. ते मला सहन होणार नव्हतं. म्हणून मी त्याचं वाक्य नीट केलं.

पितळेची अक्षरं लागली त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. मधुकर बराच वेळ वर पाहत उभा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मस्त झालं, विलासभाऊ. यातलं माहं कोनतं?" टोमणा नव्हता त्यात. खरंच शोधत होता. मी म्हणालो, "अर्थ सगळा तुझाच. भाषा फक्त माझी." तो म्हणाला, "मंग ठीक आहे," आणि वाफ्यावर निघून गेला.

त्यानं वाफा सोडला नाही. तोडाही सोडला नाही. सांबाराची पहिली जुडी मॅडमच्या गाडीत ठेवायचा. एक-दोन वर्षं मॅडमनी आठवणीनं सांगितलंसुद्धा, मधुकर, चटणी केली होती. मग कामं वाढली, गाडी बदलली, ड्रायव्हर बदलला. जुडी डिकीत सुकून जायला लागली. पण गेटवर तोड्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं, तर विचारणार कोण?

पुढचं ऐकताना अल्लीपूरच्या मंडळींनी नीट लक्ष द्या. हे तुमच्यासाठी आहे.

मोठी ऑर्डर आली. रंगाईची नवीन मशीन बसली. टाक्या मात्र होत्या तेवढ्याच. चार टाक्यांत जेवढं पाणी साफ व्हायचं त्याहून कितीतरी जास्त यायला लागलं. एका सकाळी सांबाराच्या कडा पिवळ्या झाल्या. मधुकरनं मॅनेजरला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांबार आडवा झाला, पाचव्या दिवशी वांग्याची पानं कडेनं जळाली. मधुकरनं परत सांगितलं. मॅनेजर म्हणाले, माल निघेपर्यंत थांब. मधुकर थांबला नाही. भर दुपारी त्यानं रंगाईकडून येणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसला. रंगाई अर्धा दिवस ठप्प. हे जे तुम्ही आजवर ऐकत आलात ना, मधुकरनं पाणी सोडलं, ते उलटं आहे. मधुकरनं पाणी अडवलं.

चौकशी लागली. आदल्या दिवशी संध्याकाळी मधुकर माझ्या खोलीत आला. पहिल्यांदाच आला. एसीत थंडी वाजते म्हणाला, आणि खुर्चीच्या कडेवर बसला. "विलासभाऊ, त्या दिवशीचा माहा कागद तुह्याजवळ आहे न? वाफा जळला तं पानी बंद, असं लिवलं होतं मी. मॅडमनं हेच पाहिजे म्हटलं होतं. तेवढा कागद दाखवून दे. मंग कोनी काही म्हणत नाई."

कागद माझ्या खणात होता. माझ्या गुडघ्यापासून एक हातावर. मी फायली उलटसुलट केल्या, खण उघडला, बंद केला, आणि म्हणालो, "सापडत नाही रे." तो उठता उठता म्हणाला, "जाऊ दे. तुह्यी बी नोकरी आहे."

त्याला समजलं होतं, मंडळी. तो गेल्यावर मी कागद काढला आणि फाडला. भीतीनं फाडला असं वाटत असेल तुम्हाला. भीती होती थोडी. पण खरं कारण वेगळं होतं. तो कागद बाहेर आला असता तर सगळ्यांना दिसलं असतं की कंपनीचं ध्येय कोणी लिहिलं होतं, आणि ते कोणी बिघडवलं. कागद दाखवला असता तर त्याची जागा वाचली असती. मला माझी पितळेची अक्षरं वाचवायची होती.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मधुकर एवढंच म्हणाला, "मॅडम, आपलं ठरलं होतं." मॅडमना पुसट आठवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं काहीतरी होतं ना, विलासराव?" अजूनही वेळ होती. एक हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चर्चेत बरंच काही आलं होतं, मॅडम. अंतिम मजकुरात तसं नाही. आणि ध्येयवाक्य म्हणजे काही नियम नसतो."

मधुकरनं टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहिलं. विभागप्रमुख होते, कॅन्टीनमध्ये हसलेले होते, टाळ्या वाजवलेले होते. सगळे आपापल्या पॅडवर काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते देव जाणे.

त्याला गोदामात टाकलं. शिस्तभंगाचं पत्र दिलं. ते पत्र मी टाइप केलं. भाषा चांगली आहे त्यातली.

त्यानंतर व्हॉल्व्ह उघडा झाला. महिनाभर ते पाणी तसंच नाल्यात गेलं. नाल्याकाठच्या वाड्यांत त्या हंगामाचा सांबार जळाला, पालक जळाला, मेथी गेली. तुमच्या वाड्या होत्या त्या. मग तुम्ही गणित मांडलं. ईटीपीवर कोण होता? मधुकर. काढलं कोणाला? मधुकरला. म्हणजे पाणी कोणी सोडलं? मधुकरनं. सरळ गणित होतं, तुमचा दोष नाही. पाणी सुटणं आणि त्याला काढणं यांत कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे सांगणारा एकच माणूस होता. तो वर्ध्याला राहत होता आणि त्याला हे ऐकून बरं वाटत होतं.

खोटं कशाला बोलू? एकदा बाजारात मी एका भाजीवाल्याला म्हणताना ऐकलं, "मधुकरच्या हातचे रोपं नको मले." आणि मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याचं काहीतरी नाकारलं होतं. मी त्या दिवशी घरी गुणगुणत गेलो. सौ. म्हणाली, प्रमोशन झालं का?

वर्षभरानं खरेदीदारांची तपासणी आली, कंपनीला नवी टाकी बांधावी लागली. मी अहवालात लिहिलं, कंपनीनं स्वयंप्रेरणेनं क्षमता वाढवली. नागपूरला त्या अहवालाचा सत्कार झाला. शाल मी घेतली. अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो होता तो वाफ्याचा. जळण्याआधीचा.

मधुकर बोलला असता तर? मी एकदा गोदामात जाऊन त्याला विचारलं. खरं तर तो बोलणार आहे का, हे काढून घ्यायला गेलो होतो. तो म्हणाला, "अर्ध्या गावाचे लेकरं इथे कामाले आहेत. मी बोंबललो अन् कंपनीले टाळं लागलं तं ते कुठी जातीन? नवी टाकी झाली न? मंग झालं." मी म्हणालो, अरे पण गावातले लोक तुला नावं ठेवून राहिले. तो हसला. "ठेवू दे. सांबार पुन्हा उगवला न त्यायचा?"

मग त्यानं पिशवीतून वांगी काढली. वाडीतली. "हे घेऊन जाजो घरी. वहिनीले सांगजो, पहिला तोडा आहे."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर माणसानं जळू नये तर काय करावं? एकदा तरी चिडायचं होतं त्यानं. एकदा शिवी द्यायची होती. मी त्याचं सगळं घेतलं, वाक्य घेतलं, जागा घेतली, नाव घेतलं, आणि तो माझ्या घरी वांगी पाठवत राहिला. मला त्याच्यापेक्षा वाईट करून गेला तो. मी वाईट होतोच, पण मला दिसेल असं करून गेला.

वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. त्या अख्ख्या कंपनीत त्या दिवशी ठरल्याप्रमाणे वागलेला एकच माणूस होता, आणि तो तुमचा. त्यांना काढलं ते माझ्या जळण्यानं. हे मी त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं. नाही बोललो. त्याची माफी मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

मॅडम, तुमच्याशी दोन शब्द. नव्या युनिटसाठी नवं ध्येयवाक्य सोमवारपर्यंत द्यायचं तुम्ही सांगितलं आहे. शाश्वतता ठळक हवी म्हणालात. मी लिहिणार नाही. ते मधुकरनं त्या वहीच्या पानावर लिहून झालेलं आहे, आणि तुम्ही त्याला हो म्हटलेलं आहे. त्यात आता मला हात लावू देऊ नका. आणि मधुकरच्या फाइलमधलं ते पत्र काढून वहिनींच्या हातात द्या. माझ्या नोकरीचं काय करायचं ते नंतर पाहू. पाठक साहेब, तुम्ही मान खाली घालू नका, एकटे तुम्ही नव्हता.

आता प्रथेप्रमाणे मी तुम्हाला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगायला पाहिजे.

नाही सांगणार. मधुकरसाठी गप्प राहायला आपल्याला शिकवावं लागत नाही. चौकशीच्या टेबलाशी आपण गप्प राहिलो. बाजारात त्याला बोल लावत होते तेव्हा आपण शेजारून भाजी घेत गप्प राहिलो. इतकी वर्षं आपण त्याला श्रद्धांजलीच देत आलो म्हणा ना, तो जिवंत असताना.

कागद मी फाडला आहे. ते वाक्य आता कुठेही लिहिलेलं नाही. मी ते आत्ता म्हणून दाखवलं, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं काही कारण तुम्हाला मी ठेवलेलं नाही. म्हणून साक्ष तुमची पाहिजे. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी उभं राहावं. अल्लीपूरच्या लोकांकडे तोंड करून, मोठ्यानं म्हणावं. पूर्ण आठवत नसेल तर आठवेल तेवढं. अडलं तर शेजारचा सांगेल. ‘मधुकरनं म्हटलं होतं’, इथून सुरू करा. त्याचं नाव पहिले घ्या. माझ्या पोटात दुखेल. दुखू द्या.

मी खाली बसतो. उठा, मंडळी. वहिनी ऐकून राह्यल्या आहेत.